गच्चीवरच्या द्राक्षवेलीचे पोलीस

अण्णा नगर, चेन्नई
६ ऑगस्ट २००६

तीर्थस्वरूप मधुसूदनमामांना चारुलताचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आणि मामींचा खोकला आता कसा आहे? मी खुशाल आहे. इथल्या उकाड्याबद्दल लिहीत नाही, कागद वाया जातो.

तुम्ही दोन वर्षांपूर्वी दिलेल्या दोन्ही द्राक्षकाड्या मी घरमालकांच्या गच्चीवर दोन पिंपांत लावल्या होत्या. पहिल्या पिंपातलं गवत तुमच्या सांगण्याप्रमाणे रोज उपटलं, फवारणीही केली. दुसऱ्याकडे बघायला वेळच झाला नाही (शोळिंगनल्लूरला ऑफिस, बसमध्येच निम्मं आयुष्य). त्यात एकदांडी, घोळ अशी तणं माजली, कधीतरी टाकलेली कोथिंबीर फुलावर आली. जूनमध्ये पाहते तो काय, स्वच्छ वेल पिठ्या ढेकणाने पांढरा झालेला आणि गबाळा वेल हिरवागार. त्याच्यावरही काही पांढरे किडे होतेच, ते मी चिमट्याने वेचायला बसले. अकरा चिरडले, तेवढ्यात घरमालक राघोत्तमराव वर आले. ते निवृत्त प्राणिशास्त्र शिक्षक, तंजावरकडचे मराठी. म्हणाले, "अय्यो, चोर सोडून पोलिसांसच धरलीस की!" त्या ढालकिड्यांच्या अळ्या होत्या, मामा. पिठ्या ढेकूण खाऊन जगतात आणि दिसतातही त्याच्यासारख्याच. मोठे ढालकिडे तणांच्या फुलांवरही पोसतात आणि फवारणीने आधी तेच मरतात, असं त्यांनी समजावलं. मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

उरलेल्या अळ्यांपैकी सहा मी डब्यातून पहिल्या वेलावर नेऊन सोडल्या आणि फवारणी बंद केली. पण घरमालकीण चंद्रिकाबाईंना गच्चीवर सांडगे वाळत घालायचे होते. तिथे किडे नकोत म्हणून त्यांनी औषध मारणारा माणूस बोलावला. मी रजा टाकून दोन पिंपांच्या मधोमध स्टूल घेऊन बसले (साहेबांना कारण सांगितलं, घरी अळ्या आहेत. त्यांनी पुढे विचारलं नाही). तो माणूस तासभर थांबला, माझ्याकडचा चहा प्यायला आणि गेला. चंद्रिकाबाईंनी मला महिन्याभरात खोली सोडायला सांगितलं. मी बरं म्हटलं, पण स्टूल हलवलं नाही. तीन आठवड्यांनी त्यांच्या गच्चीवरच्या जास्वंदीचा पिठ्या ढेकूणही आपोआप गेला. तेव्हापासून त्या एकदांडीला पाणी घालायला लागल्या. खोलीचा विषयही पुन्हा निघाला नाही.

आता पहिला वेलही सावरलाय. दुसऱ्याला सात घड आले. पाच पोपटांनी खाल्ले. दोन आम्ही खाल्ले, आंबट होते.

मामा, औषधाचे अंश सापडले म्हणून गेल्या वर्षी तुमचा द्राक्षांचा माल परत आला, तेव्हा तुम्ही चार दिवस बागेत पाऊल टाकलं नव्हतं. फोनवर तुमचा आवाज ऐकून मला काही सुचलं नव्हतं. आज सुचलंय, म्हणून हे सगळं लिहिलं.

तुमची भाची,
चारू

ता. क. : तुमच्या बागेतल्या ओढ्याकडच्या दोन ओळी यंदा मला द्या. तिथलं गवत काढायचं नाही, मला विचारल्याशिवाय फवारायचं नाही. नुकसान झालं तर मी दिवाळीला तोंड दाखवणार नाही.

ता. ता. क. : मामींशी बोलून झालंय. त्यांनी त्या ओळींत गेल्या सोमवारीच शेपू आणि कोथिंबीर पेरली. तुम्ही नाही म्हणालात तर कोणाला जेवायला घालायचं नाही, हेही ठरलंय.