गार नळी

मंगळवार, रोहा

सुनेचा खोकला उतरला, नातीला दात आला, हिचे गुडघे जरा बरे. माझं डोकं तेवढं तापलेलं.

लॅबमधल्या सुधाकरला मीच मोजणी शिकवली. पावडरीवरच्या प्लॅटिनमला हायड्रोजन किती चिकटतो ते मोजायचं, तर पावडर तयार करताना सोडलेला आधीचा हायड्रोजन नळी तापलेली असतानाच व्हॅक्यूमने ओढून काढायचा. नाहीतर जुना वायू जागा अडवून बसतो आणि आकडा कमी येतो. पठ्ठ्या शिकला, आणि साहेबांना म्हणाला, "म्हाताऱ्याचे हात थरथरतात." साहेबांनी मला स्टोअरमध्ये टाकलं.

आज घरी निडीला जायची गाडी गाठायच्या घाईत त्याने व्हॅक्यूम उशिरा लावला. मी स्टोअरमधून सामान द्यायला गेलो होतो, व्हॅक्यूम सुरू होताच हात लावून पाहिलं. नळी गार होती. बोललो नाही.

ही म्हणते, "सांगा की वो त्याला. लेकुरवाळा हाय तो."

"मला काढलं तवा मी काय सडाफटिंग व्हतो गो?"

पावडर चांगली आहे, पुन्हा मोजली की पास होईल. पण आधी सगळ्यांसमोर साहेब त्याला विचारतील, आकडा का पडला? सांगावं का? नळी गार होती, चांगली गार. पण थरथरत्या हाताचं कोण ऐकतो!

उद्या लवकर जाणार. सांगायला नाही, त्याचं तोंड बघायला.