सातवी ‘ब’ आणि माझी नवी पद्धत

सोमवार, ७ जुलै
आजपासून डिक्टेशन बंद. बावीस वर्षं इतिहास लिहून दिला, आता जिवंत करून देणार. निर्णय पूर्णपणे माझा. फक्त सकाळी मुख्याध्यापिका अरुंधती मॅडमनी सांगितलं की ३० तारखेला शिक्षण विभागाचे साहेब माझा तास बघायला येतायत, आणि तास पडला तर सातवी ‘ब’चा इतिहास पीटीच्या विक्रम सरांकडे जाईल. सांगताना मॅडम माझ्याकडे बघत नव्हत्या. संकोच. मोठ्या माणसाला असं बोलणं जड जातंच.
विक्रम सरांना सहज विचारलं, पानिपतच्या किती लढाया? म्हणाले, मोबाइलवर पाहून सांगतो. मी निर्धास्त.

बुधवार, ९ जुलै, दुपारी १.४०
मराठ्यांचा विस्तार शिकवला. आवाज खालीवर केला, मध्ये मध्ये पॉज घेतले. वर्ग अक्षरशः निःशब्द. नंतर मोजले, अकरा जण झोपले होते. डबा खाल्ल्यावरचा तास, त्यात एक पंखा बंद. टाइमटेबलचा दोष.

शनिवार, १२ जुलै
मैदानावर सीताबर्डीची लढाई. अर्धा वर्ग भोसल्यांचा, अर्धा इंग्रजांचा. इंग्रज व्हायला कोणी तयार होईना. शेवटी रोल नंबर वीसच्या पुढच्यांना सक्तीने इंग्रज केलं. चार मिनिटांत भोसले जिंकले आणि इंग्रज मुलींच्या बाथरूममागे लपले. मी शिट्टी वाजवून सांगितलं की असं नाही, १८१७ मध्ये इंग्रज जिंकतात. गौरांगने विचारलं, सर, जिंकायचं नव्हतं तं खेळवलं काहून?
प्रश्न खोल आहे. उत्तर सोमवारी देईन.
मॅडमच्या खिडकीतली तुळस पडली. ती अगदी कडेला ठेवली होती, त्याला मी काय करणार.

सोमवार, १४ जुलै
उत्तर दिलं नाही. सिलॅबस मागे आहे.

शुक्रवार, १८ जुलै
नवी कल्पना! वर्गात म्युझियम. मंगळवारी प्रत्येकाने घरातली सर्वांत जुनी वस्तू आणायची. प्रेमलता जेवताना म्हणाली, मग तुम्हीच जाऊन बसा. बायकोचा विनोद समजून घ्यावा लागतो.

मंगळवार, २२ जुलै
म्युझियम. जमा झालेल्या वस्तू: बटणांचे मोबाइल नऊ, कॅसेट तीन, एक पितळी अडकित्ता (बरा), अनंतच्या बाबांची दहावीची मार्कशीट (बाबांनी दुपारी येऊन परत नेली).
पायल वस्तू घेऊन आली नाही, आजीला घेऊन आली. म्हणाली, सर, घरात सगळ्यात जुनी हेच हाय. पार्वतीबाई, वय सत्याहत्तर, शाळेच्या मागच्याच गल्लीत राहतात. मी समजावलं की वस्तू सांगितली होती. आजी म्हणाल्या, बसू तं द्या गा, पाय दुखून राहिले. आणि बसल्या त्या माझ्या खुर्चीवर.
मग आपणहून बोलायला लागल्या. छप्पन साली त्या आठ वर्षांच्या होत्या. बाप कुही गावाकडून बैलगाडीने दीक्षेला घेऊन आला. आईने पांढरं लुगडं फाडून त्यांना झगा शिवला. गर्दी एवढी की एक चप्पल हरवली, दुसरी त्यांनी हातात धरून ठेवली. गौरांगने विचारलं, बाबासाहेब दिसले का? म्हणाल्या, नाई गा, मले तं समोरच्या माणसाची पाठच दिसली. पण माहा बाप रडून राहिला होता, ते दिसलं. त्याले रडताना मी तवाच पाह्यलं.
घंटा झाली, कोणी उठलं नाही. मधल्या सुट्टीची घंटा होती.
अर्थात, तासाला उद्दिष्टं नव्हती, फळा वापरला नाही, सनावळ्या नाहीत. पण संयोजन माझं.

मंगळवार, २९ जुलै
उद्या साहेब. पंचेचाळीस स्लाइड तयार. नवा शर्ट. आजींना उद्या न येण्याबद्दल पायलजवळ निरोप दिला, उन्हाचा त्रास नको म्हणून.

बुधवार, ३० जुलै
स्लाइड क्रमांक दोनवर लाइट गेली. मी तोंडी सुरू केलं. साहेबांनी पाच मिनिटांत घड्याळ बघितलं, मग मुलांनाच विचारलं, या महिन्यात इतिहासात काय शिकलात? मला वाटलं, आता लढाई सांगतील. एकेचाळीस हात वर. पांढरा झगा, बैलगाडी, हातातली चप्पल, रडणारे वडील, सगळं सांगितलं. साहेबांनी विचारलं, हे कोणी शिकवलं? मी नम्रपणे खाली बघितलं. वर्ग एका आवाजात म्हणाला, पायलच्या आजीनं.
साहेबांनी आजींना बोलावणं पाठवलं. त्या आल्या, हाताला अजून कणीक होती. साहेब पाऊण तास पहिल्या बाकावर बसले. जाताना मॅडमना म्हणाले, फार सुंदर तास. मॅडमनी या वेळी माझ्याकडे बघितलं.

शुक्रवार, १ ऑगस्ट
मॅडमचा निर्णय: इतिहास माझ्याकडेच. विक्रम सर हरले! फक्त दर शनिवारी सातवी ‘ब’चा तास पार्वतीबाई घेतील आणि मी ‘सहकार्य’ करायचं. म्हणजे एक प्रकारे विभागप्रमुखच.

शनिवार, २ ऑगस्ट
सहकार्य म्हणून खुर्ची पुसली, पाणी ठेवलं. मग जागा नव्हती म्हणून शेवटच्या बाकावर अनंतजवळ बसलो. आजींनी सगळ्यांना विचारलं, तुमच्या आजीचं नाव सांगा, तिचं माहेर कोणतं ते सांगा. मुलं भराभर उठून सांगू लागली. मी मान डोलावत होतो. तेवढ्यात आजी म्हणाल्या, त्या मागच्याले विचारा.
मी उभा राहिलो. एम.ए. इतिहास. भोसल्यांची अख्खी वंशावळ पाठ. आमच्या आजीला सगळे ‘मोठी आई’ म्हणायचे. ती चुलीपाशी बसायची आणि मला गरम भाकरीचा पापुद्रा काढून द्यायची. नाव? अनंत हळूच म्हणाला, सर, काही पण सांगून द्या. मला काही पण सुचेना.
आजी रागावल्या नाहीत. म्हणाल्या, बस गा बाबा, घरी विचारून ये.
घरी येऊन वाडीला मनोहररावांना, म्हणजे मोठ्या भावाला, फोन केला. त्यांनाही माहीत नाही.
तास संपताना पायलने फळ्यावर यादी केली होती: गृहपाठ बाकी, कृष्णकांत सर. यादीत एकच नाव.
‘सर’ लिहिलं, हे मात्र नोंद घेण्यासारखं.