गच्चीच्या कोपऱ्यातली कुंडी

मंगळवार, १३ मे

प्रिय धाकट्या,

आशीर्वाद. ते तुला हवे आहेत का, हे न विचारताच देते आहे. थोरल्या बहिणीचा तेवढा हक्क शिल्लक असावा. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण वर्गातल्या मुली त्याहून जास्त कुरकुरतात. परवा एकीनं विचारलं, "बाई, संस्कृत आता बोलतं कोण?" म्हटलं, "मी बोलते. समोरून कोणी उत्तर देत नाही, म्हणून घरात शांतता असते."

सहा वर्षांनी पत्र आलं म्हणून दचकू नकोस. कोणी आजारी नाही. घराचं जलरोधन चाललंय, त्याची हकीकत कळवायची आहे. तू वॉटरप्रूफिंग म्हणायचास आणि मी दर वेळी दुरुस्ती सुचवायची. आता तुझाच शब्द वापरते. मिस्त्रीला माझा कळत नाही.

मिस्त्री साठीचा आहे, मोजकं बोलतो आणि तेही फरशीकडे बघून. पहिल्या दिवशी घरभर फिरला, हातातल्या दांडक्यानं फरशा ठोकत, कान देऊन ऐकत. मग म्हणाला, "गच्चीपासून सुरू करू."

मी म्हटलं, "तळघरापासून."

"बाई, पाणी वरून खाली येतं. आधी वरचं बंद करायचं, मग खालचं."

"घर माझं आहे."

"घर तुमचं, पण पाणी तुमचं ऐकणार नाही," असं पुटपुटत तो तळघरात उतरला.

तर आधी तळघर. तिथल्या भिंतीला खाली हातभर लोणा आला होता, मीठ फुटावं तसा. त्यांनी बाहेरच्या बाजूनं पायापर्यंत खणलं, भिंत घासली, दोन हात लेप दिला आणि पाणी वाहून जायला खडीचा चर काढला. मग न्हाणीघर. फरशी उखडली तेव्हा जाळीभोवती बोटभर फट निघाली. आपण सगळे इतकी वर्षं अंघोळ करत होतो ती अर्धी स्वयंपाकघराच्या भिंतीला घालत होतो, असं मिस्त्रीचं निदान आहे. आता लेप भिंतीवर डोक्याच्या उंचीपर्यंत चढवलाय. मग खिडक्या: उंबऱ्यांना बाहेरच्या बाजूला उतार दिला, छज्ज्यांच्या पोटाला खाच पाडली, म्हणजे थेंब तिथूनच सुटतो, भिंतीपर्यंत येत नाही. खिडक्यांनंतर मी त्याला बागेतल्या नळाचा ओटासुद्धा करायला लावला. त्यानं हातातलं दांडकं खाली ठेवलं आणि म्हणाला, "बाई, आता फक्त मांजराची वाटी राहिली. गच्चीवर जाऊ या का?"

गेलो. गेल्या गुरुवारी.

तू सात वर्षांपूर्वी केलेलं काम त्यानं तासभर तपासलं. कठडा आणि जमीन मिळते तिथली तुझी गोलाई त्यानं तळहातानं चाचपून पाहिली, पूर्ण लांबीभर, ओणवं चालत. उताराला शंका आली म्हणून लेव्हलची नळी मागितली. त्याची फुटली होती. मी तुझी दिली. तू जाताना दारामागच्या खुंटीवर टांगून गेलास, ती तिथंच होती. पाणी भरून त्यानं चारही कोपरे पाहिले आणि मला विचारलं, "कोणी केलंय हे?"

"भावानं."

"हात चांगला आहे. एवढं काम असून खालच्या खोलीत गळतं कसं?"

मग त्यानं कोपऱ्यातली मोठी कुंडी सरकवली.

धाकट्या, मी जो क्रम लावला होता ना, तळघर, न्हाणीघर, खिडक्या, तो या कुंडीपाशी पोचायला उशीर व्हावा म्हणून लावला होता. पत्रही त्याच क्रमानं लिहिते आहे, हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

कुंडीखाली चार भोकं होती, पांढऱ्या सिमेंटनं बुजवलेली. सिमेंटला तडे गेले होते. मिस्त्रीनं नखानं एक खपली काढली. "हे कोणी पाडलं?"

मी म्हटलं, "मी."

हा एक शब्द मी सहा वर्षांत पहिल्यांदा उच्चारला.

कपडे वाळत घालायची लोखंडी दांडी तुला आठवत असेल. तू म्हणाला होतास, "ताई, गच्चीवर एक खिळासुद्धा मारायचा नाही. रविवारी येतो, वजनाच्या ठोकळ्यांवर उभी करून देतो." तीन रविवार तू आला नाहीस. बाबांच्या चादरी रोज धुवाव्या लागत होत्या. चौथ्या रविवारी मी शेजारून ड्रिल आणलं. स्वावलंबनाचा मला केवढा अभिमान वाटला होता! बाबा खालच्या खोलीत पडून होते. भोकं त्यांच्या डोक्यावरच पाडत होते मी. खाली आले तेव्हा त्यांनी विचारलं, "त्याला विचारलंस का?"

मी म्हटलं, "हो."

पुढचं तुला माहीत आहे. पाऊस आला, छत ठिबकलं, जमिनीवर पाणी साचलं. बाबा दुपारी चष्मा घ्यायला उठले आणि घसरले. खुबा मोडला. तू दवाखान्यात पोचायच्या आधी मी कोरड्या चादरी न्यायला घरी आले होते, आणि गच्चीवर गेले होते. दांडीच्या बैठकीच्या चारही बोल्टांशी पाणी भोवरा घेत खाली जात होतं. मी उभी राहून पाहिलं. मग चादरी घेऊन परत आले आणि मामा-मावशीच्या देखत तुला म्हणाले, "तुझ्या कामानं बाबांना पाडलं."

मला त्या वेळी संशय होता, असं मी पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं. तो फाडला. मला माहीत होतं.

तू काहीच बोलला नाहीस. मामांनी तुला मिळवून दिलेलं पुढचं काम त्यांनीच काढून घेतलं, आणि तू धंदाच सोडलास. गोदामात मोजणी करतोस असं कळतं. तो हात आणि मोजणी!

बाबा जाईपर्यंत आठ महिने अंथरुणावर होते. एकदा मला म्हणाले, "दांडी आहे का अजून?" मी म्हटलं, "काढली." ते भिंतीकडे तोंड करून पडले. मी शाळेत असताना तू त्यांच्यापाशी येऊन बसायचास, हे शेजारच्या काकूंनी मला नंतर सांगितलं. बाबांनी तुला दांडीचं सांगितलं होतं का रे? सांगितलं असेल आणि तरी तू मला सांभाळून घेत गप्प राहिला असशील, तर या पत्रात तुला नवं काहीच नाही. मग मी तुझ्यासमोर कोणत्या तोंडानं यायचं, ते मला ठाऊक नाही.

परवा मामांना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मला काय सांगतेस? त्याला सांग." मावशीकडे स्वतः जाऊन आले. तिनं चहा दिला, पण समोर बसली नाही. बरोबर केलं तिनं.

आता गच्चीबद्दल. मिस्त्रीनं फक्त तो कोपरा उघडून नव्यानं केला. बाकी तुझं काम तसंच ठेवलंय. "चांगल्या कामाला हात लावायचा नसतो," म्हणाला. काल गच्चीचं नळकं बोळ्यानं बंद करून चार बोटं पाणी साठवलंय. कठड्यावर खडूनं रेघ मारली आहे. मी बाबांच्या खोलीत खुर्ची टाकून छताकडे बघत बसते. अजून कोरडं आहे.

रविवारी सकाळी बोळा काढायचा आहे. मिस्त्री म्हणतो, ज्याचं काम आहे त्यानं काढावा. मी त्याला सांगितलं, रविवारी कोणी आलं नाही तर सोमवारी तुम्ही काढा. त्याच्या पुढचा रविवार मी मागणार नाही.

तुझी लेव्हलची नळी धुऊन, वाळवून पुन्हा त्याच खुंटीवर टांगली आहे.

गच्ची जिनं फोडली आणि नाव तुझं घेतलं, ती तुझी
ताई