उमललेल्या मोगऱ्याची पाहणी

बोळिंज, ६ मार्च २००२

चि. विनयास अनेक आशीर्वाद.

वि. तुझे पोस्टकार्ड पोचले. मात्र माझ्याआधी ते साऱ्या इमारतीला पोचले होते. माझ्या मूळव्याधीची चौकशी तळमजल्यावरच्या सालोमीबाईंनी भर जिन्यात, मोठ्या आवाजात केली. सख्ख्या भावाच्या अशा विटंबनेला कोणत्याही स्मृतीत प्रायश्चित्त सांगितलेले नाही. यापुढे मूळव्याध पाकिटातून पाठवावी.

शेतकऱ्यांना मोगऱ्याची रोपे देणाऱ्या इथल्या एका संस्थेचा मी सल्लागार आहे. सल्ला कोणी विचारत नाही, जीपमध्ये मात्र बसवतात. रविवारी कामणजवळच्या पाड्यावर पाहणीला गेलो. रंभाबाई आणि शांताराम या जोडप्याची मोगऱ्याची वाडी. नऊला पोचलो तर सगळी पांढरीशुभ्र फुललेली! रंभाबाईंनी गळ्यात टपोरे हार घातले. मी उद्योगाचे महत्त्व सांगणारे सुभाषित अर्थासह म्हटले. शांताराम हात जोडून उभा राहिला; कोंबड्या निघून गेल्या. महिन्यात चारदा फुलबाजार चुकला, असे त्यानेच सांगितले. कारण विचारायचे राहिले, कारण जीपमधले सरबत कोमट होत होते. मी अहवालात लिहिले, ‘फुले उत्तम, बाजारात नियमित नाहीत.’ नियमित कुटुंबालाच यंदा पाण्याचा पंप मिळणार आहे. सही झोकदार आली.

तुझा,
दिनानाथ


सांगली, १२ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

मूळव्याध पाकिटात घातली आहे.

दादा, मोगऱ्याच्या कळ्या पहाटेच खुडून बाजारात धाडतात. उमललेल्या फुलाला तिथे कोणी विचारत नाही. गजरा माळणाऱ्या कोणत्याही बाईला हे ठाऊक असते. नऊ वाजता वाडी फुललेली दिसली, म्हणजे ती कोणासाठी तरी राखली होती. ते चार दिवस कोणते, एवढे विचारून ये. जाताना सुभाषित घरी ठेव.

लोभ आहेच, राग ओसरला की तसे कळवीन.

विनया


बोळिंज, १८ मार्च

चि. विनयास आशीर्वाद.

काल एकटाच एसटीने गेलो. रंभाबाई म्हणाल्या, सायब येनार म्हून निरोप आला का त्या कळ्या खुडत नाहीत. सायबांना झाडावर फुलं दिसली पायजेत. चारही दिवस आमच्याच जीपचे. तक्रार अजिबात नाही. उलट निरोप न धाडता आलो म्हणून मलाच रागावल्या. हाराला एक फूल उरले नव्हते.

दुरुस्तीचे पत्र घेऊन संस्थेच्या अध्यक्षांकडे गेलो. ते म्हणाले, सही झालेला अहवाल बदलत नाही. सांगायचे ते शनिवारी सभेत सर्वांसमोर सांगा.

सव्वीस वर्षे वर्गात गर्जना करतो आहे; पण वरिष्ठांसमोर उभे राहून ‘माझे चुकले, आणि तुमचेही चुकते आहे’ असे एकदाही म्हटलेले नाही. शनिवारी जमेल याची खात्री नाही. नाही जमले तर पंप दुसऱ्या कोणाकडे जाईल, रंभाबाईंना कारणही कळणार नाही, आणि पुढच्या निरोपाला त्या आमच्यासाठी पुन्हा वाडी राखतील. याची मला भीती वाटते.

लोभ धर, या वेळी तो खरोखर लागणार आहे.

तुझा,
दादा