जज्जसाहेब अजून आले नाहीत

१० मार्च, रविवार

ताईचा डावा पाय गुडघ्याखालून काढला. शुक्रवारी संध्याकाळी चर्चच्या गाण्याच्या सरावाला रस्त्याच्या कडेकडेनं चालली होती बिचारी, मागून गाडीनं उडवलं. गाडी जज्ज फुआताइंच्या मुलाची — एनेलिको, वय तेवीस. प्यायलेला नव्हता. फोन बघत होता. पोलिसांना स्वतःच तसं सांगितलं म्हणे.

जज्जसाहेबांना आख्ख्या बेटावर कोण ओळखत नाही! आरोपी समोर उभा राहिला की त्यांचा प्रश्न ठरलेला — इफोगा केलीत का, मातीत बसून माफी मागितलीत का? केली असेल, आणि समोरच्यांनी चटई उचलली असेल, तर शिक्षा बरीच खाली येते. म्हणजे उद्या पहाटे ते घरच्या सगळ्यांना घेऊन आमच्या अंगणात येणार, बारीक विणीच्या चटया डोक्यावरून ओढून मातीत बसणार. चटई उचलून माफ करायचं की नाही, ते घराचा प्रमुख म्हणून मी ठरवायचं. मी — एके काळी दुसऱ्याच्या बसगाड्या धुणारा अपेलु!

ताईच्या थोरल्याला, पेनितोआला, बजावलंय. मी हो-नाही म्हणेपर्यंत कोयत्याला हात लावायचा नाही.

११ मार्च, सोमवार

चारला उठलो. अंगण झाडलं. कोको उकळून ठेवला. उजाडलं, ऊन आलं, कोंबड्या अंगणभर फिरल्या. माणूस म्हणून कोणी आलं नाही.

१२ मार्च

नाही आले.

१६ मार्च, शनिवार

आज बस मीच चालवली. जागा नसली की बाया एकमेकींच्या मांडीवर बसतात, आणि तोंड आपोआप कानापाशी येतं. आरशात बघत गाडी हाकायची, बाकीचं काम कान करतात.

जज्जसाहेबांच्या शेजारची बाई सांगत होती — त्यांच्या बायकोनं, लुसेनानं, पेटीतल्या चटया काढून उन्हात घातल्या. साहेब कोर्टातून आले, घड्या घालून परत आत. तेव्हापासून बाई नवऱ्याशी बोलत नाही. दुसरी म्हणाली, बरोबरच आहे, काळ्या झग्याला माती लागेल ना! बस हसली. मीही हसलो, पण पटलं नाही. हा माणूस रविवारी म्हाताऱ्या आईची वेणी स्वतः घालतो. मुलींच्या शाळेच्या नाचात मागच्या रांगेत उभा राहून गाणी म्हणतो. पोरावर जीव आहे, त्याची शिक्षा कमी करायची वाट त्याच्याइतकी कोणाला ठाऊक नाही, आणि हा घरात बसतो? फायदा समोर दिसत असताना हात मागे घेणारा माणूस मी धंद्यात अजून पाहिला नाही.

२४ मार्च, रविवार

राहवलं नाही. बसचा पार्ट आणायचा म्हणून घरात सांगितलं आणि शहरात, आपियाला, जज्जसाहेबांच्या घरी गेलो. रविवारी पार्ट कुठला मिळतोय!

साहेब घरामागे तापल्या दगडांवर रांधत होते. लुंगी, उघडं अंग, घामाघूम. पहिली पानं आईसाठी वेगळी काढली. मला बघितलं, हातातला चिमटा खाली ठेवला आणि उभे राहिले. ताईच्या जखमेचं विचारलं. कुठल्या वॉर्डात आहे, झोप लागते का, सगळं विचारलं. पण घरात या म्हणाले नाहीत. एवढ्या घरंदाज माणसानं दारात आलेल्याला जेवा म्हणू नये? मग म्हणाले, "माफ करा, याहून जास्त आत्ता मला बोलता येत नाही."

आत्ता! परत येताना दीड तास तो एकच शब्द चघळत होतो. अर्थ काही लागेना.

६ एप्रिल, शनिवार

ताईला घरी आणलं. कुबड्यांवर अंगण ओलांडलं तिनं, कोणाला हात लावू दिला नाही. पेनितोआ रडायला लागला तर म्हणाली, "पाय माझा गेलाय, सूर तुझा कशाला लागला?" जीभ शाबूत आहे.

पोरगा मात्र बिघडतोय. चुलतभावांना जमवून रोज कोयत्याला धार लावतो. मामा, ते आपल्याला कस्पटासमान समजतात, म्हणतो. दगड घेऊन आपियाला जाऊ या. निकाल लागू दे, असं सांगून थांबवलंय. त्यानंतर काय सांगू? एकदा दगड उडाले की आमची नातवंडंसुद्धा ते फेकत बसतील.

जज्ज असून माणसाला एवढंही कळत नाही?

२९ एप्रिल, सोमवार

निकाल. खटला दुसऱ्या न्यायाधीश बाईंपुढे होता. फुआताइसाहेब शेवटच्या बाकावर, साध्या लोकांत. लुसेना त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला. मध्ये दोन माणसं बसतील एवढी जागा.

बाईंनी मला विचारलं, इफोगा झाली का? साऱ्या कोर्टानं माना वळवल्या. मी छाती काढून म्हणालो — नाही. झोंबावं म्हणूनच जरा मोठ्यानं म्हणालो. बाई म्हणाल्या, मग त्याची सूट देता येणार नाही. दोन वर्षं.

पोराला नेताना साहेब उठून उभे राहिले, तो दाराआड जाईपर्यंत. लुसेनानं त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

पेनितोआ रात्री कोयता उशाशी घेऊन निजला. हेच मला आवडलं नाही.

३० एप्रिल, मंगळवार

आले!

पहाटे कुत्री भुंकली म्हणून बाहेर आलो. अंगणात तीसेक माणसं, चटयांखाली. पुढे चुलीची लाकडं आणि दगड मांडलेले — हवं तर आम्हाला भाजून खा, असा त्याचा जुना अर्थ. पेनितोआ कोयता घेऊन पायरीवर. मी ओट्यावर बसून राहिलो. मुद्दामच. सात आठवडे बसवलं होतं मला! ऊन वर आलं. पुढच्या चटईखाली एक म्हातारी खोकत होती. साहेबांची आई.

ताई कुबड्या टेकत बाहेर आली. "अपेलु, माझा एक पाय गेलाय म्हणून तुझे दोन्ही गेले का? ऊठ. आणि पेन्या, तो कोयता ठेव, नारळ फोड. एवढ्या लोकांना पाणी लागेल."

पेनितोआनं आईकडे बघितलं, मग नारळाच्या ढिगाकडे गेला. मी जाऊन चटई उचलली. खाली साहेब, त्यांची आई आणि लुसेना — तिघं एकमेकांना चिकटून. लुसेनाचा हात साहेबांच्या हातात. साहेबांच्या केसांत माती.

मी त्यांच्या कानाशी वाकलो. मला विचारल्यावाचून राहवलंच नाही. म्हटलं, कालपर्यंत आला असतात तर पोराचं एखादं वर्ष तरी वाचलं असतं.

म्हणाले, "खटला उभा असताना जज्ज तुमच्या अंगणात येऊन बसला असता, तर तुम्हाला नाही म्हणता आलं असतं का?"

मी म्हटलं, आलं असतं! का नसतं?

२ मे, गुरुवार

इथे तरी खोटं कशाला लिहू. ते ११ मार्चला आले असते, तर मी धावत जाऊन चटई उचलली असती — जज्जसाहेब, आणि माझ्या अंगणात! ताई तेव्हा हॉस्पिटलात गुंगीत होती. तिला विचारायचं माझ्या मनातसुद्धा आलं नसतं.