हॅल्सबीला जाण्याची तयारी

६ जानेवारी, सोमवार. सकाळी ११.२०, ब्रेक

नवी वही. तारीख बरोबर आहे (तपासली).

आज ब्रेकरूममध्ये गोंधळ. आमची विमान कंपनी पफिनजेट हा एअरपोर्ट सोडून हॅल्सबीला जायचा विचार करते आहे, अशी बातमी आली. इथे विमान उतरवायचे दर वाढवलेत म्हणून. हॅल्सबी हे लिंकनच्या पलीकडचं छोटं शहर. कॅथीड्रल आहे म्हणून शहर म्हणायचं. एअरपोर्टही आहे, पण त्याची कोणाला आठवण नसते.

सगळे घाबरले आहेत. मी घाबरलेलो नाही. दोनदा टॉयलेटला जाऊन आलो, ते पाणी जास्त प्यायल्यामुळे.

मी बॅग-ड्रॉपवर असतो. लोकांच्या बॅगा वजन करून पट्ट्यावर सोडतो. चार वर्षं झाली. डिग्री दुसऱ्या वर्षात राहिली, पण एकाही प्रवाशाचं नाव मी आजवर चुकीचं टाइप केलेलं नाही. पोलिश आडनावंसुद्धा.

शांतपणे विचार केल्यावर लक्षात आलं की ही बातमी खरं म्हणजे माझ्यासाठीच आहे. ऋजुता एडिनबराला नर्स आहे. साखरपुडा होऊन दोन वर्षं झाली. मी इकडे दक्षिणेला, पिनर उपनगरात नीनामावशीकडे. एक आड एक रविवारी स्टाफच्या स्टँडबाय तिकिटावर तिच्याकडे जायचं, असं ठरलंय. स्टँडबाय म्हणजे विमानात जागा उरली तर. उरत नाही. पण हॅल्सबीहून कोण उडणार? कोणीच नाही. म्हणजे जागाच जागा.

शिवाय नव्या ठिकाणी नवा टीम लीडर लागेल. मी काही बोलणार नाही. ज्याला दिसायचं त्याला दिसेल.

संकल्प: १. शांत राहणे. २. हॅल्सबीची संपूर्ण माहिती काढणे. ३. नक्की होईपर्यंत ऋजुताला न सांगणे.

दुपारी ४.०५. ऋजुताला सांगितलं.

१२ जानेवारी, रविवार

गेट २३. स्टँडबायच्या यादीत दुसरा. जागा एकच उरली. गेल्या नऊ खेपांत गेटवरून परत फिरण्याची ही सातवी. स्टाफने गेटवर तोंड वाकडं करायचं नाही असा नियम आहे. केलं नाही.

ऋजुताने भरीत केलं होतं. फोनवर म्हणाली, असू दे, शेजारच्या आजींना देते, त्यांना आता भरताची सवयच झालीय. मग म्हणाली, अपूर्व, तू इकडेच ये ना. इथल्या कॉलेजात कोर्स आहे सप्टेंबरपासून. अर्धी डिग्री चालते, मी विचारून आले. फॉर्म ३१ मार्चपर्यंत.

मी म्हटलं, हॅल्सबीचं ठरेपर्यंत घाई नको. ती म्हणाली, ठरवणार कोण? मी म्हटलं, कंपनीचं बोर्ड. ती म्हणाली, ते नाही विचारत मी.

प्रश्न नीट कळला नाही. नेटवर्क खराब असावं.

२२ जानेवारी, बुधवार

परवा आमची मॅनेजर लॉरेन ब्रेकरूममध्ये म्हणाली, त्या हॅल्सबीला माणूस पोचतो तरी कसा, कोणाला काही कल्पना? सगळे हसले. मी हसलो नाही, कारण ती माझ्याकडे बघून बोलत होती. (माझ्याबरोबर काम करणाऱ्या वेदच्या मते माझ्या मागच्या घड्याळाकडे.)

आज सुट्टी. जाऊन आलो.

पिनर ते हॅल्सबी: तीन तास अठ्ठावन्न मिनिटं. ट्यूब, दोन ट्रेन, एक बस. टर्मिनल: लांबी एकेचाळीस पावलं, रुंदी सव्वीस. कॅफे बंद. सिक्युरिटीवाला एकटाच होता. म्हणाला, विमान मंगळवारी आणि शुक्रवारी असतं, तू बुधवारी आलास. मी म्हटलं, मी विमानासाठी आलेलो नाही. त्याने मला बसवून चहा दिला आणि घरी कोण कोण असतं ते हळू आवाजात विचारलं. माणसं प्रेमळ आहेत.

रनवेपलीकडे मेंढ्या. शांतता उत्तम. परतीची शेवटची बस ५.४०.

 

२७ जानेवारी, सोमवार

रिपोर्ट दिला. एकोणीस पानं, अनुक्रमणिकेसह. हॉस्पिटल, शाळा, बसच्या वेळा, सगळं. स्पेलिंग तीनदा तपासलं. लॉरेनने उभ्या उभ्या चाळला आणि म्हणाली, गॉश, व्हेरी थरो, म्हणजे फारच बारकाईने केलेला. मग म्हणाली की ती हे नक्की ‘बेअर इन माइंड’ करेल, म्हणजे लक्षात ठेवेल.

वेद शेजारच्या डेस्कवर असतो. इथेच जन्मला, आई ठाण्याची. तो म्हणाला, अपूर्व, असं म्हणाले म्हणजे नाही. इकडे नाही असंच बोलतात. माझा आई पण पहिले फसायचा.

ज्याची आई अजून ‘माझा’ आहे, त्याने मला भाषा शिकवू नये.

२ फेब्रुवारी, रविवार

मावशीचं हळदीकुंकू. रथसप्तमी मंगळवारी, पण वर्किंग डेला कोण येणार म्हणून आज. दारात बावीस जोड चपला-बूट. मी ओळीत लावले.

मावशीने सगळ्यांना सांगितलं की आमचा अपूर्व नव्या एअरपोर्टचा मुख्य होतोय. मी दुरुस्ती केली की टीम लीडर, आणि तेही अजून. वाक्य पूर्ण होण्याआधी हातावर तिळगूळ पडला. ब्रॅकनेलहून आलेल्या एक काकू म्हणाल्या, तिकडून पुण्याला डायरेक्ट होईल का रे? मी म्हटलं, पहिल्या टप्प्यात नाही.

पुरुषांना बाहेरच्या खोलीत बंदी असल्यामुळे जयंतकाका आणि मी किचनमध्ये कप विसळत होतो. काकांनी तीस वर्षं कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, रस्ते खात्यात काढली. ते म्हणाले, तुझी मावशी वेम्बलीला भेंडी घेते तेव्हा काय करते, बघितलंयस? राहू दे म्हणते आणि चार पावलं चालू लागते. भाजीवाला हाक मारतो. ती परत येते. तुझी कंपनी सध्या चार पावलं चालतेय.

मी म्हटलं, काका, एव्हिएशन वेगळं असतं.

ते म्हणाले, भेंडीवालाही हेच समजतो.

काकांचा अनुभव रस्त्यांचा आहे. आकाशाचा नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

जागा मिळाली! २७ बी. खिडकी नाही, पण जागा.

ऋजुता नाइट करून आली होती. डोळे लाल. तिच्या किचन टेबलावर मी हॅल्सबीचा नकाशा पसरला आणि सगळं क्रमाने सांगितलं. तिने विचारलं, लेखी आहे का काही? मी म्हटलं, जवळजवळ. (एकोणीस पानं लेखीच आहेत.)

मग तिने नकाशा स्वतःकडे ओढला. तिथे हॉस्पिटल कुठे आहे, विचारलं. पान १२ वर होतं. खाटा किती, विचारलं. तेही होतं. तेव्हा ती हसली. दिवाळीनंतर पहिल्यांदा.

म्हणाली, तू नक्की जाणार ना तिकडे? मला खरं सांग, मी रागावणार नाही. मी म्हटलं, शंभर टक्के.

असं बोलल्यावर पाठ आपोआप ताठ होते. आधीपासून बोलायला हवं होतं.

परतीच्या विमानात जागा नव्हती. कोचने, म्हणजे लांब पल्ल्याच्या बसने, आलो.

३१ मार्च, सोमवार

काल पाडवा. मावशीने मागच्या बागेत गुढी उभारली. शेजारचा माणूस कुंपणावरून विचारून गेला की सगळं ठीक आहे ना.

कॉलेजच्या फॉर्मचा आज शेवटचा दिवस. पूर्ण भरून तयार होता. ‘मला शिकायचं आहे कारण’ हा परिच्छेद चार वेळा लिहिला आणि शेवटी खरंच चांगला झाला. वाचताना दोनदा नाक पुसावं लागलं. ही फेब्रुवारीपासूनची सर्दी.

५.०० ला बंद होणार होतं. ४.५० ला मनात आलं, हॅल्सबी नक्की असताना हा फॉर्म पाठवणं म्हणजे कंपनीवर अविश्वास. लॉरेनला कळलं तर? ४.५८ पर्यंत बोट बटणावर होतं. ५.०० ला स्क्रीनवर आलं की अर्ज घेणं बंद झालं आहे.

हायसं वाटलं. साधारण ५.१० पर्यंत.

फॉर्म सेव्ह केला आहे.

११ एप्रिल, शुक्रवार

कंपनीने सर्वांना फॉर्म दिला. ठिकाण बदलायला तयार आहात का? दोनशे जणांत हो म्हणणारे दोनच. मी, आणि मॉरीन, जी जूनमध्ये रिटायर होते आहे आणि जिच्याकडे तेव्हा चष्मा नव्हता.

मी ‘हॅल्सबी’ लिहिलं आणि माझी लवचीकता दिसावी म्हणून खालच्या ‘कुठेही’ या चौकोनातही खूण केली. लॉरेन म्हणाली, ब्रेव्ह.

वेदला अर्थ विचारला नाही.

२३ मे, शुक्रवार. दुपारी १.१५

ऋजुताचा फोन. हॅल्सबीच्या हॉस्पिटलात तिला नोकरी मिळाली!

फेब्रुवारीतच अर्ज केला होता म्हणे. पान १२ चा फोटो काढून ठेवला होता. मला सरप्राइज. व्हिसाचे कागद नव्या हॉस्पिटलकडे गेलेत, जुन्या हॉस्पिटलात नोटीस दिली, १६ जूनला हॅल्सबीला जॉइन. एक खोलीही घेतली आहे. म्हणाली, आजवर तू माझ्याकडे यायचास. म्हणजे यायचा प्रयत्न करायचास. या वेळी म्हटलं, आपण पुढे जाऊन उभं राहावं.

मी म्हटलं, वा. मग पुन्हा म्हटलं, वा.

फोन ठेवल्यावर पहिली बॅग वजन न करताच पट्ट्यावर सोडली. आनंदाने. माझ्या शब्दावर आजवर कोणी घर बदललेलं नाही. घरच काय, चॅनलसुद्धा.

संकल्प: लॉरेनला जायची तारीख विचारणे. आज विचारणार होतो, पण ती दोन आठवडे सुट्टीवर आहे. म्हणजे सगळं सुरळीत असणार. नाहीतर सुट्टीवर गेली असती का?

६ जून, शुक्रवार

सकाळी साडेनऊला मीटिंग. एअरपोर्टने दर खाली आणले. पाच वर्षांचा करार झाला. पफिनजेट कुठेही जात नाही.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. लगेच थांबलो तर दिसलं असतं.

लॉरेन म्हणाली की बोलणी करताना हॅल्सबीचा फार उपयोग झाला. टेबलावर एकोणीस पानी प्लॅन ठेवल्यावर समोरच्यांना पटलं की आपण खरंच निघालोय. प्लॅन कोणाचा, ते तिने सांगितलं नाही. मलाही पुढे पुढे करायला आवडत नाही.

घरी मावशी म्हणाली, मग आता मंडळात काय सांगू रे? काका भेंडी चिरत होते.

ऋजुताला कळवायचं आहे. फोनवर नको. घाईत माणूस चुकीचं बोलतो. नीट लिहून पाठवतो. मसुदा पहिला सुरू.

९ जून, सोमवार

मसुदा तिसरा. मधला भाग चांगला झाला आहे. पहिलं वाक्य येत नाही.

तिचाही फोन नाही. पॅकिंगमध्ये असेल. बातमी एडिनबरापर्यंत पोचली नसावी. तशी छोटीच बातमी आहे.

११ जून, बुधवार

लॉरेनने केबिनमध्ये बोलावलं. ऑगस्टपासून बॅग-ड्रॉपवर मशिनं येणार. लोक स्वतःच बॅगा ठेवतील. आम्हाला दुसरीकडे सामावायचं आहे, पण जागा थोड्या. ज्यांनी ‘कुठेही’वर खूण केली, त्यांना पहिली संधी. मॉरीन रिटायर होते आहे, म्हणजे मी एकटाच.

जागा एकच आहे. एडिनबरा.

मी विचारलं, कुठे? तिने पुन्हा सांगितलं. मी पुन्हा विचारलं. तिने पाणी दिलं.

वेद म्हणाला, अरे, तुझी ऋजुता तिकडेच राहतो ना? लकी आहेस, मेट!

मसुदा चौथा आता चालणार नाही. परिस्थितीच बदलली. पाचवा रविवारी हातात देईन. तिला सामान लावायला मदत करायला जायचंच आहे.

१५ जून, रविवार. संध्याकाळी ५.३०, हॅल्सबी, बस स्टॉप

पोचायला चार तास सहा मिनिटं.

तिची खोली वरच्या मजल्यावर. खिडकीतून रनवे दिसतो. रनवेवर काही नाही. मेंढ्या आहेत.

मी दोन शेल्फ लावली. मसाल्याच्या बरण्यांना लेबलं लावली, धणे आणि जिरे वेगळे केले. जेवायला भरीत होतं. जेवण झाल्यावर मी म्हटलं, ऋजुता, एक महत्त्वाचं सांगायचं आहे.

ती म्हणाली, मला शुक्रवारीच कळलं. सकाळी दहा वाजता. एका पेशंटनेच मोबाइलवर दाखवलं. वॉर्डची हेड सिस्टर म्हणाली, थांबतेस का? बुधवारपर्यंत तुझी जागा कोणाला देत नाही, व्हिसाच्या कागदांचंही बघू आपण. मी तुझ्या फोनची वाट बघत होते. पाच दिवस. तू नुसतं ‘घोटाळा झाला’ एवढं म्हणाला असतास ना, तरी थांबले असते. बुधवारी संध्याकाळी तिला सांगितलं, दे माझी जागा दुसऱ्या कोणाला.

मी म्हटलं, मसुदा चालू होता. आणि दाखवला. तिने तो शेवटपर्यंत वाचला. म्हणाली, एकही चूक नाही रे.

मग मी एडिनबराचं सांगितलं. कधी मिळालं, तिने विचारलं. बुधवारी, मी म्हटलं. दुपारी.

ती हसायला लागली. मीही हसलो. मग बघितलं तर ती हसत नव्हती.

मी लगेच पर्याय मांडले. एडिनबरा ते हॅल्सबी, ट्रेनने, तीन ठिकाणी बदलून, एक आड एक रविवारी. यात स्टँडबाय नाही, जागा नक्की. ती म्हणाली, सोड ना ती नोकरी. इथे राहा. हॉस्पिटलला पोर्टर हवेत, मी विचारलंय. मी म्हटलं, फायदे-तोट्यांची यादी करून सांगतो.

त्यानंतर तिने बरण्या पुन्हा पुसल्या. त्या स्वच्छ होत्या.

स्टॉपपर्यंत सोडायला आली. उरलेलं भरीत डब्यात दिलं. डबा परत आणायची घाई नाही, म्हणाली. मी विचारलं, पुढच्या रविवारी येऊ ना? ती म्हणाली, बघू.

मग उद्या पहिला दिवस आहे म्हणून गेली.

‘बघू’चा अर्थ वेदला विचारावा लागणार नाही.

५.४७. बस आता वळणावर दिसते आहे. रिपोर्टात ५.४० लिहिलं आहे. दुरुस्त करायला हवं.