खिडकीसाठी आरमार

तीर्थरूप दादा,

नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देत असेल आणि वहिनींचा खोकला थांबला असेल, असं धरून चालतो. इकडची ताजी बातमी अशी की माझं चौसष्ट तोफांचं जहाज काल दुपारी चार वाजता बुडालं. तुमच्या बहिणीने या बातमीला दुजोरा दिला आहे. बुडवलं तिनेच.

घाबरू नका, आम्ही दोघंही कोरडे आहोत. लेकीने कॉलेजात असताना घेतलेला जुना कॉम्प्युटर आठवतो ना, फ्लॉपी घातली की घरघरणारा? त्यातला शिडाच्या जहाजांच्या लढाईचा खेळ आम्ही सध्या खेळतो आहोत, तो खिडकीजवळच्या टेबलासाठी. त्या टेबलावर मी तीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. आता तिथे तिला शिलाई मशीन हवं आहे. दोन्ही कामांना उजेड लागतो, दोघांचेही चष्म्याचे नंबर वाढलेत आणि भांडून भांडून घसे बसलेत. तेव्हा ठरलं ते असं: तीन लढाया, दोन जिंकेल त्याचं टेबल. हरेल त्याने बोळातल्या बल्बखाली बसायचं. (मी बसून पाहिलं. तिथे मला स्क्रू आणि मुंगी यांतला फरक कळत नाही.)

पहिली लढाई मी जिंकलो. दुसरीत वारा माझ्या पाठीशी, सगळी शिडं उभारलेली, आणि जहाज तसूभर हलेना. यंत्र अडलं की आधी उघडायचं, ही माझी धंद्याची सवय. मी कीबोर्ड उलटा केला, स्क्रू काढले, ब्रशने एकेक बटण झाडलं. पुन्हा हुकूम दिला, जहाज जागच्या जागी. मग फ्लॉपीचं खोकं उघडलं. अशा माझ्या चार पाळ्या गेल्या, आणि दर वेळी आपल्या पाळीला ती शांतपणे जवळ येऊन एका बाजूच्या सगळ्या तोफा डागून गेली. डोलकाठी कोसळल्यावर म्हणाली, "अहो, नांगर कधी उचलणार?"

"आधी सांगता येत नव्हतं?"

"तुम्ही हुकूम देताना मी भिंतीकडे तोंड करून बसायचं, हा नियम कोणाचा?"

माझाच. असो. मी खचलेलो नाही. कॉम्प्युटरच्या पडद्याच्या कडेला 'नांगर' अशी चिठ्ठी डकवली आहे. रोज सकाळी ताटात तिचीच शिवणाची बटणं जहाजं म्हणून मांडून सराव करतो. (वारा तोंडानेच.) टेबल सोडणार नाही.

आपला,
मेहुणा

ता. क. खरं काम हे: लहानपणी तुम्ही तिच्याशी बुद्धिबळ खेळायचात. ती कुठे कच्ची पडते, तेवढं रविवारच्या आत कळवा.

ता. क. २. पत्र तिच्याच हाती पेटीत टाकायला देतो आहे. पाकीट पक्कं चिकटवलं आहे.

ता. क. ३. दादा, अक्षर ओळखलंस ना? डिंक ह्यांनी भलत्याच बाजूला लावला होता. मी कुठे कच्ची पडते ते मुळीच कळवू नकोस. मशीन ठेवूनही टेबलावर खिडकीकडे हातभर जागा उरते, मी मोजली आहे. तेवढ्यात ह्यांची घड्याळं बसतील. पण आत्ता सांगितलं तर हे ढिले लढतील, आणि मला तसं जिंकायचं नाही. लढाई रविवारी सकाळी दहाला. जेवायच्या आत ह्यांचं दुसरं जहाज बुडेल, असा अंदाज आहे.